राजाबाई टॉवरवाला प्रेमचंद रायचंद आणि पोखरलेली बँक

खतावणी (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात इथेच कुणीतरी "टॉवर बांधणारा मातृभक्त शेठ" असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर चिकटवला होता. आंधळ्या जैन आईला सूर्यास्ताआधीच्या जेवणाची वेळ कळावी म्हणून घड्याळाचे टोले, सगळं साग्रसंगीत होतं. शेठनं मुंबईची सरकारी पाठबळाची बँक कशी पोखरली, तेवढं मात्र गाळलं होतं. बत्तीस वर्षं बँकेत काढलीत, त्यातली अकरा कर्जविभागात. हात शिवशिवले. लांबलंय, चहा घेऊन बसा.

प्रेमचंद रायचंद मूळचा सुरतेचा, जन्म 1831 चा, जैन घरातला. बाप रायचंद दीपचंद, बेताचा व्यापारी, नशीब काढायला मुंबईत आला. पोरगा एल्फिन्स्टनमध्ये शिकला आणि 1849 च्या सुमारास दलालीत उमेदवारीला लागला. त्या काळच्या देशी दलालांत इंग्रजी लिहिता-बोलता येणारा तो पहिला, असं सांगतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बाकीचे दलाल साहेबाच्या हापिसात मध्यस्थ घेऊन जायचे. हा थेट खुर्ची ओढून बसायचा. सौदे कागदावर न टिपता डोक्यात ठेवायचा, अशी ख्याती. अफू, सोनं-चांदी, कापूस, शेअर, सगळ्यात हात. टपालाची बोट बंदराला लागायच्या आत याची माणसं पडाव घेऊन समुद्रात गाठायची आणि लिव्हरपूलचे भाव इतरांच्या आधी शेठकडे पोचायचे, अशीही कथा आहे. आज असला धंदा करणाऱ्याला सेबी (शेअरबाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था) उचलून नेईल. तेव्हा त्याला हुशारी म्हणत.

मग आलं 1861. अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्या तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथून घ्यायच्या. तो बंद. सगळ्यांची नजर मुंबईकडे. पौंडभर वजनाला चार-पाच पेन्सांनी जाणारा आपल्याकडचा कापूस 1864 पर्यंत वीस पेन्सांच्या वर गेला. लोकांनी गाद्या-उशा उसवून कापूस विकला, हे त्या काळच्या मुंबईबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवलंय. नेहमीच्या कमाईच्या वर सात-आठ कोटी पौंड या चार वर्षांत मुंबईत आले, असा अंदाज केला जातो.

आता एवढा पैसा ठेवायचा कुठे? गिरण्या नुकत्या सुरू होत होत्या, जमीन तर बेटावर मुळातच कमी. मग कंपन्या निघाल्या. 1865 च्या 1 जानेवारीला मुंबईत 31 बँका, 16 फायनान्शियल असोसिएशन, 8 जमीन कंपन्या, 16 प्रेस (कापसाच्या गाठी दाबणाऱ्या) कंपन्या, 10 जहाज कंपन्या, 20 विमा कंपन्या आणि वर 62 इतर जॉइंट स्टॉक कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी विम्याच्या दहाएक सोडल्या तर यातलं जवळपास काहीच नव्हतं. 1860 ला शेअरचे साठेक दलाल होते, ते दोनशे-अडीचशे झाले.

या सगळ्याचा मेरुमणी म्हणजे बॅक बे रेक्लमेशन. मलबार हिल ते कुलाबा समुद्र बुजवायचा आणि जमीन विकायची. शेअर पाच हजारांचा. त्यातले चारशे जाहीर लिलावात काढले तर सरासरी साडेसव्वीस हजारांचं प्रीमियम, म्हणजे मूळ किमतीवरची जादा रक्कम, आलं. करा गुणाकार: एक कोटी सहा लाख. कंपनीचं सगळं भांडवलच एक कोटीचं होतं! समुद्रात अजून पाटीभर माती पडायची होती. पुढे हाच शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला.

प्रेमचंदचा शब्द नसेल तर नवी कंपनी उभी राहणं कठीण, अशी स्थिती आली. शेअरवाटप कुणाला किती, हे तो ठरवायचा. वाटपात नाव लागलं की दुसऱ्या दिवशी प्रीमियमवर विकून मोकळं व्हायचं. म्हणून भायखळ्याला त्याच्या 'प्रेमोद्यान' बंगल्यावर माणसांची रांग. त्यात पारशी शेटिये होते, भाटिये होते, हायकोर्टाचे वकील होते, गोरे अधिकारीही होते.

इथवर ही नेहमीची सट्ट्याची गोष्ट आहे. माझा मुद्दा पुढे आहे, बँक ऑफ बॉम्बे.

ही 1840 सालची. सरकार भागधारक, नऊ संचालकांपैकी तीन सरकारचे. सनदेत कडक अटी होत्या: तारण कसलं घ्यायचं, मुदत किती, एकाला किती. 1863 मध्ये नवा कायदा झाला, अटी सैल झाल्या आणि दुसऱ्या कंपन्यांच्या शेअरवर कर्ज द्यायची वाट मोकळी झाली. भांडवलही बावन्न लाखांवरून दोन कोटींवर नेलं. सेक्रेटरी होता जेम्स ब्लेअर. आणि ब्लेअरच्या कानाला लागलेला होता प्रेमचंद.

यंत्र असं चालायचं. प्रेमचंद नवी कंपनी काढणार. शेअर दोस्तांच्या नावावर. पहिला हप्ता भरायला पैसे बँकेकडून, तारण तोच शेअर. भाव चढला की तारणाची किंमत वाढली, म्हणजे आणखी कर्ज. त्या कर्जातून पुढच्या कंपनीचा शेअर. त्याच्या जोडीला एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन होतीच, त्याच्याच वजनावर उभी. कर्ज कुणाला द्यायचं यात बँकेबाहेरच्या एका दलालाचा शब्द चालत होता, हे पुढे चौकशीत उघड झालं. संचालक सह्या करत होते.

पडझड उद्या टाकतो. नातू उठला.

---

तिरपागडा

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. नातवाला झोपवा लवकर.

---

कापूसकोंड्या

माझ्या नावाचा धागा निघाला म्हणायचा! काका, मस्त लिहिलं, पण मुंबईकर नेहमी करतात तेच केलं तुम्ही. कापूस मुंबईत पिकतो काय हो? वीस पेन्स लिव्हरपूलचे. आमच्या वऱ्हाडात त्यातलं काय आलं?

मी हिंगणघाटकडचा. हिंगणघाटचा कापूस तेव्हा नामांकित होता. पण पाहा, थळ घाटातून रेल्वे सुरू झाली 1865 च्या जानेवारीत आणि नागपूरला गाडी पोचली 1867 ला. म्हणजे तेजीच्या ऐन भरात आमचा कापूस बैलगाड्यांवर आणि बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर हप्तेच्या हप्ते रस्त्यात. वाटेत पाऊस, धूळ, नाके, अडत्या. बांधावर पैसा वाढला नाही असं नाही, वाढला. पण हातात यायच्या आत चार जणांच्या हातातून गेला. आणि मग घाईघाईत जो तो कापसात पाणी मारू लागला, सरकी-माती घालू लागला. त्यासाठी मुंबई सरकारला 1863 मध्ये कापूस भेसळीचा कायदा करावा लागला, तपासनीस नेमले. आमच्या आज्याच्या भाषेत सांगायचं तर भाव चढला का माणूस पह्यले तराजू वाकवते.

---

बोल्टनवाली

कापूसकोंड्या भाऊ, त्या पाणी मारलेल्या कापसाचं दुसरं टोक मी सांगते. मी बोल्टनला राहते, गेली अठरा वर्षं. इथे त्या वर्षांना कापसाचा दुष्काळच म्हणतात. लाखो कामगार बसून होते, खिचडीसारखी सार्वजनिक सूप-घरं निघाली होती. आपल्या कापसाला सरसकट 'सुरत' म्हणायचे. धागा आखूड, सारखा तुटणारा, आणि मधेच माती. तासागणिक पगार नव्हता, उत्पादनावर होता, त्यामुळे धागा तुटला की पगार तुटला. "देवा, कापूस पाठव, पण सुरत नको" अशी प्रार्थना इथल्या कामगारांच्या तोंडी होती, हा किस्सा आमच्या इथल्या म्युझियममधल्या आजोबांनी मला हसत हसत ऐकवला. मी म्हटलं, आजोबा, तो पाठवणारे आमचेच!

आणि तरी मँचेस्टरच्या कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला, 1863 च्या जानेवारीत लिंकनने त्यांना पत्र लिहिलं. मँचेस्टरच्या लिंकन स्क्वेअरमध्ये त्याचा पुतळा आहे. मला कायम वाटतं, युद्ध लवकर संपू दे म्हणणारा उपाशी विणकर इथे आणि लांबू दे म्हणून नवस करणारा दलाल तिथे.

---

शंकासुर

धागाकर्त्यांचा बँकिंगचा अभ्यास मान्य, पण सूर खटकला. "पोखरली" वगैरे. मला काही प्रश्न आहेत.

कायदा कुणी सैल केला? सरकारने. सह्या कुणाच्या? संचालकांच्या, त्यात सरकारी तिघे. सेक्रेटरी कोण? गोरा. मग खलनायक एकटा सुरतेचा वाणी कसा? कंपन्यांच्या यादीत बडे इंग्रज व्यापारी नव्हते का? बॅक बेचे चारशे शेअर खुद्द मुंबई सरकारच घेणार होतं, वरच्या (कलकत्त्याच्या) सरकारने अडवलं म्हणून राहिलं. गव्हर्नर सर बार्टल फ्रियरच्या डोळ्यांदेखत सगळं चाललं होतं. बुडल्यावर मात्र देशी माणसाच्या नावाने बिल फाडलं.

दुसरं, माणूस पळून गेला नाही. आजकालचे आपले महाभाग लंडनला जातात. हा मुंबईतच राहिला.

---

खतावणी

शंकासुर, पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. दुसऱ्यावर येतो. आधी पडझड सांगून टाकतो.

तेव्हाचे सौदे बहुतेक वायद्याचे. आज ठरवायचं, पैसे आणि शेअर अमुक तारखेला. 1865 मध्ये ती मोठी तारीख होती 1 जुलै. ज्यांनी वायद्याने घेतले त्यांच्याकडे पैसे नव्हते, विकले त्यांच्यातल्या कित्येकांकडे शेअर नव्हते. सगळ्यांचा हिशोब एकच: जुलैपर्यंत भाव आणखी चढलेला असेल, मधला फरक खिशात.

वर्षाच्या सुरुवातीलाच अमेरिकेत तह होणार अशा वावड्या उठल्या आणि कापूस डळमळला. 9 एप्रिलला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला. अटलांटिकखालची तार अजून पडायची होती, त्यामुळे बातमी बोटीने युरोपात गेली. पण इराणच्या आखातातली तार त्याच वर्षी सुरू झाली होती, तिथून पुढे इकडे यायला वेळ लागला नाही. युद्धाने पैसा दिला आणि तारेने तो किती लवकर जाणार ते कळवलं.

मे महिन्यात पहिली मोठी पेढी गेली. एक गेली की तिच्याकडून येणं असलेल्या दहा हलल्या. 1 जुलैला तर कुणी कुणाला द्यायचं आणि कुणाकडून घ्यायचं हा नुसता गुंता. न्यायालयात इतके दावे येणार हे दिसल्यावर सरकारने दिवाळखोरांच्या मालमत्ता विश्वस्तांमार्फत निकालात काढायचा खास कायदाच केला, 1865 चा अठ्ठाविसावा. पन्नास हजारांच्या बॅक बेच्या शेअरला गिऱ्हाईक मिळेना.

प्रेमचंद तेव्हाही उभा होता! हे मला फार बोलकं वाटतं. लहान-मोठे सगळे आडवे झाले आणि जो केंद्रात होता तो आणखी वर्षभर तगला. कशावर? बँक अजूनही त्याला सांभाळून घेत होती म्हणून. त्याला पाडलं तर कागदावरचं सगळं कर्ज बुडीत दाखवावं लागलं असतं. बँकवाल्याला ही भीती चांगली ठाऊक असते: जुनं कर्ज मेलं असं म्हणवत नाही, म्हणून त्याच्या तोंडात नव्या कर्जाचं पाणी घालत राहायचं.

1866 च्या मे महिन्यात लंडनला ओव्हरएंड गर्नी ही बडी वित्तपेढी कोसळली आणि तिच्या धक्क्यात इकडच्या बँका पत्त्यासारख्या पडल्या. एशियाटिक गेली. त्याच वर्षी प्रेमचंदने हात वर केले आणि मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात गेली. बँक ऑफ बॉम्बे 1868 च्या सुरुवातीला गुंडाळली. दोन कोटींच्या घरातल्या भांडवलापैकी बहुतेक सगळं संपलेलं. सर चार्ल्स जॅक्सनच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. कारणं निघाली ती शंकासुरांच्या बाजूची आहेत: 1863 चा सैल कायदा, ब्लेअर आणि त्याच्या मागून आलेला रॉबर्टसन हे कमकुवत, तत्त्व गुंडाळून ठेवणारे सेक्रेटरी, संचालकांची बेपर्वाई आणि तो अपवादात्मक काळ.

पण प्रेमचंदला यातून सुट्टी मिळत नाही. आता माझा अनुभव. तालुक्याच्या एका शाखेत नवीन होतो. एक प्रस्ताव आला, तारण कच्चं. मी नकाराची टीप लिहिली. दुपारी साहेबांना एक फोन आला, मला आत बोलावलं. साहेब काहीच म्हणाले नाहीत, फक्त माझी टीप परत दिली आणि टाचणी काढून ठेवली. टाचणी काढली म्हणजे हे पान फाइलला लागणार नाही. फोन करणाऱ्याची सही कुठेही नव्हती, बुडाल्यावर जबाब साहेबांनी दिला आणि मी दिला. प्रेमचंदचं कसब तेच होतं. कागदावर तो कर्जदार होता, प्रत्यक्षात कर्ज मंजूर करणारा. अशा माणसाला मी निर्दय म्हणतो.

---

गिरगाव चाळ नं. 3

टाचणी!! काका, अंगावर काटा आला.

आमच्या घरी एक दंतकथा आहे. पणजोबांच्या आजोबांचं काळबादेवीला छोटं दुकान, सोवळ्याचे मुकटे विकायचे. त्यांनी बायकोच्या पाटल्या मोडून कुठल्यातरी जमीन कंपनीचा शेअर घेतला, वायद्याने नाही, रोखीनं. दोन महिन्यांत तिप्पट झाला. विका म्हणाली ती. ते म्हणाले, "दिवाळीला विकू, तुला चार पाटल्या करू." पुढचं तुम्ही सांगितलंच. तो कागद फेकवेना म्हणून त्यांनी दुकानाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला. मी लहानपणी ती वही पाहिलीय, कसरीनं खाल्लेली, मधे एक बोटीचं चित्र. बाईनं नंतर आयुष्यभर हातात काचेच्याच बांगड्या घातल्या. आमच्याकडे अजून कुणी जास्त हाव केली की "दिवाळीला विकू" म्हणतात.

डॉ. भाऊ दाजी लाडांचेही पैसे यात गेले ना? एवढा मोठा वैद्य आणि संशोधक.

---

खतावणी

हो, भाऊ दाजींनाही जबर फटका बसला. कमाईचा मोठा भाग गेला. विद्वत्तेचा आणि शेअरच्या शहाणपणाचा संबंध नसतो.

टाटांचंही ऐका. जमशेटजींचे वडील नसरवानजी, त्यांनी प्रेमचंदच्या साथीने लंडनला एक बँक काढायचं ठरवलं आणि त्या कामासाठी तरुण जमशेटजींना 1864 मध्ये तिकडे धाडलं. ते तिथे पोचतायत तोवर त्यांच्याकडच्या हुंड्या रद्दी झालेल्या. पंचविशीचा पोरगा घेणेकऱ्यांसमोर सरळ जाऊन उभा राहिला, हिशोब मांडला. त्यांनी त्यालाच पगार देऊन निस्तारण्याच्या कामावर ठेवलं. घर सावरलं ते पुढे अ‍ॅबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेतल्या पुरवठ्याच्या ठेक्यावर. म्हणजे एका युद्धानं बुडवलेलं दुसऱ्या युद्धानं काढलं.

---

हावडाब्रिज

मी कोलकात्यात चाकरमानी, मूळ सांगलीचा. इथल्यांना प्रेमचंद रायचंद विचारला तर टॉवर आठवत नाही, 'पीआरएस' आठवतं. कलकत्ता विद्यापीठाला त्याने दोन लाख दिले, त्यातून प्रेमचंद रायचंद स्टुडंटशिप निघाली. सर आशुतोष मुखर्जींना मिळालेली. इथे जुन्या घरांच्या नेमप्लेटवर एम.ए. च्या पुढे पीआरएस लिहिलेलं मी पाहिलंय, पदवीसारखं. तो माणूस मुंबईचा सटोडिया होता हे सांगितलं की समोरच्याचा विश्वास बसत नाही.

अवांतर: त्याच तेजीतलं आमच्याकडचं थडगं म्हणजे पोर्ट कॅनिंग. कलकत्त्याला पर्याय म्हणून माताला नदीवर नवं बंदर उभं करायचं होतं. कंपनी बंगालची, पण शेअर उड्या मारत होते मुंबईत. घेणाऱ्यातल्या किती जणांनी माताला नकाशावर तरी पाहिली असेल? 1867 च्या वादळानं उरलंसुरलं धुतलं. आता सियालदहहून लोकल जाते कॅनिंगला, सकाळच्या गाडीत मासळीच्या टोपल्या आणि कामवाल्या मावश्या. सुंदरबनला जाणारे तिथे उतरतात. बंदर वगैरे काही नाही.

---

सुपेकर

सगळे मुंबई, लंडन, कलकत्ता करताय. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात 12 मे 1875 ला लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं बाजारात आणून जाळली. दख्खनचे दंगे. शाळेत आम्हाला शिकवलं की अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस पडला, शेतकरी कर्जात बुडाला आणि दंगा झाला. मग प्रेमचंदच्या वायद्याची शेवटची पावती आमच्याच गावात फाटली म्हणायची.

---

कापूसकोंड्या

सुपेकर, तुमच्या भीमथडी तालुक्यात कापूस होता तरी किती, बाप्पा? तुमच्याकडे ज्वारी-बाजरी.

---

सुपेकर

बरोबर, तेच लिहिणार होतो, गाडीत होतो म्हणून अर्धवट राहिलं. आमच्याकडे कापूस नावापुरता. पण त्या चार-पाच वर्षांत सगळ्याच धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या आणि बांधकामाच्या कामावर मजुरी मिळत होती, बैलगाडी भाड्याने जात होती. सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता, कारण त्यालाही वरून पैसा येत होता. मग 1867 मध्ये इंदापुरापासून साऱ्याची (जमिनीवरच्या कराची) फेरआकारणी सुरू झाली, ती तेजीतले भाव धरून. सारा चढला आणि भाव उतरले. वरचा पैसा आटल्यावर सावकारानं कोर्टाची वाट धरली. म्हणजे कापूस न पिकवता आम्ही कापसाचं कर्ज फेडत होतो.

लोकांनी माणसं फारशी मारली नाहीत हे मला महत्त्वाचं वाटतं. कागद मागितला. दिला तर सोडलं.

---

अक्षता

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. माझे बाबा दोन वर्षं एका सहकारी बँकेत (नाव घेत नाही, गावात राहायचंय) अडकलेल्या ठेवीसाठी खेटे घालतायत. ग्रॅच्युइटीचे पैसे होते. बँकेच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलंय की अमुक रकमेच्या वर काढता येणार नाही. बाबा दर सोमवारी तो कागद वाचून येतात. बदललेला नसतो. चेअरमनच्या नावाचं वाचनालय मात्र आमच्याच गल्लीत आहे, बाबाच तिथे पेपर वाचायला जातात.

म्हणून मला विचारायचंय: दानाचं काय करायचं? टॉवर चांगला आहे की. त्याच्याखालच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत मी एम.ए. चा अभ्यास केलाय, त्या रंगीत काचांच्या उजेडात.

---

शंकासुर

अक्षताताई, बाबांबद्दल वाईट वाटलं.

दानाबद्दल मी बोलतो कारण माझा मुद्दा तोच आहे. मुंबई विद्यापीठाच्या लायब्ररीला दोन लाख, टॉवरला दोन लाख, कलकत्त्याला दोन लाख, सुरत-अहमदाबादला मुलींच्या शाळा, शिक्षकांचं कॉलेज. इतर सटोडियांनी बंगले बांधले. शिवाय बुडाल्यावर माणूस खचला नाही. साधेपणाने राहून पुन्हा दलाली केली, 1875 ला दलाल स्ट्रीटवर दलालांची रीतसर संघटना झाली त्या पिढीतला हा म्होरक्या. 1906 पर्यंत जगला. चाळीस वर्षं! त्याच शहरात, तीच माणसं रोज भेटत असताना. निर्लज्ज असेल तर असेल, पण तेवढी छाती लागते.

---

खतावणी

अक्षता, सोमवारी बाबांना सांग, ठेव विम्याच्या दाव्याचा अर्ज भरला असेल तर पोच जपून ठेवा आणि केवायसी पुन्हा एकदा तपासा. मला विपूत (इथल्या खासगी निरोपात) लिही, मी अर्ज पाहून देतो.

टॉवरचं असं. ऑक्टोबर 1864 मध्ये प्रेमचंदने दुसरे दोन लाख दिले: मोठं घड्याळ आणि घंटा बसवायला एक मनोरा बांधा आणि त्याला माझ्या आईचं, राजाबाईचं नाव द्या. आंधळ्या आईची जेवणवेळेची गोष्ट मागाहून चिकटलेली असावी असं मला वाटतं, पण गोड आहे, राहू द्या. तारीख मात्र बघा. ऑक्टोबर 1864 म्हणजे तेजीचा कळस. पायाभरणी 1 मार्च 1869 ला, म्हणजे तोवर दाता दिवाळखोर आणि बँक गुंडाळलेली. काम संपलं नोव्हेंबर 1878 ला. दान आधीच देऊन झालं होतं म्हणून वाचलं. तेच पैसे त्यानं आणखी दोन वर्षं स्वतःकडे ठेवले असते तर घेणेकऱ्यांत वाटले गेले असते. माझ्यातला कर्जवसुली अधिकारी म्हणतो, वाटायलाच हवे होते. माझ्यातला नातवाला टॉवरसमोरच्या ओव्हल मैदानावर फिरायला नेणारा आजोबा गप्प बसतो.

दोनशे ऐंशी फूट उंच, गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुरचनाकाराचा आराखडा, आणि तो गृहस्थ मुंबईत कधी पाऊल न ठेवता इंग्लंडातून नकाशे पाठवत होता. वर चोवीस पुतळे आहेत, पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे. दुर्बीण नेली तरच दिसतात.

शंकासुर, छातीबद्दल बोललात. त्यालाही एक जोड देतो. 1864 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती होती 8,16,562. 1872 मध्ये 6,44,405. दीड लाखाच्या वर माणूस कमी झाला. तेजीत पोटासाठी आलेले पाथरवट, हमाल, गाडीवान, माती वाहणारे सगळे परत गेले. त्यांचं नाव कुठल्या चौकशीत येत नाही. शेठ राहिला, ते राहू शकले नाहीत.

---

तिरपागडा

ती बॅक बेची जमीन मग कधी भरली? की पन्नास हजाराचा समुद्रच राहिला?

---

खतावणी

कंपनी बुडाली, पण थोडी पट्टी भरून झाली होती. ती सरकारकडे आणि पुढे बीबीसीआय रेल्वेकडे (आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वजाकडे) गेली. चर्चगेटहून ग्रँट रोडकडे जाताना लोकल ज्या जमिनीवरून जाते ती तीच. रोज लाखो लोक त्यावरून जातात, फुकट म्हणवत नाही, पासाचे पैसे भरतात.

बँकेचंही सांगायचं राहिलं. 1868 मध्येच नवी बँक ऑफ बॉम्बे निघाली, 1876 च्या कायद्याने जुन्या अटी पुन्हा घट्ट केल्या, सरकारनं आपले शेअर काढून घेतले. 1921 ला ती इंपीरियल बँकेत आणि तिथून 1955 ला स्टेट बँकेत. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं पासबुक लांबून का होईना ब्लेअरसाहेबांच्या नात्यात आहे.

---

गिरगाव चाळ नं. 3

काका, एखाद्या रविवारी ओव्हलवर भेटू या का सगळे? टॉवर बघू, मग चालत हॉर्निमन सर्कल. वडाखाली दलाल जमायचे तो टाऊन हॉलसमोरचा भाग. आणि भायखळ्याचं प्रेमोद्यान आता आतून बघता येतं का?

---

खतावणी

प्रेमोद्यान पुढे ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रमाकडे गेलं, तिथे मुलींचं अनाथालय आणि शाळा. परवानगी काढावी लागेल. ओव्हलला या, सकाळी आठ. दुर्बीण माझ्याकडे आहे.

---

शंकासुर

मी येतो. वडापाव माझ्याकडून, पण रोखीने. वायदा नाही.

---

कापूसकोंड्या

हिंगणघाटहून रविवारी आठला कसा पोचू बाप्पा? फोटो टाका. पुतळ्यात एखादा वऱ्हाडी पागोट्याचा दिसतो काय तेवढं बघजा.